सात जबाब आणि एक ‘देतो’

एखाद्या मुलीने स्वतःच्या हाताने ‘मी लिहून देतो की’ असे का लिहावे, हा प्रश्न मला त्या दिवशी दुपारी साधारण साडेबाराला पडला आणि त्याचे उत्तर मिळून गेल्यावरही तो मनातून जात नाही.

गेली तीन वर्षे मी आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा गैरप्रकार चौकशी समितीवर आहे. पेशाने संख्याशास्त्राचा शिक्षक. कायद्याचा माझा अभ्यास समितीवर आल्यानंतरचा आणि गरजेपुरता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ प्रमाणे परीक्षा व मूल्यमापन मंडळाला अशी जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमावी लागते. त्याआधीच्या १९९४ च्या कायद्यात हीच तरतूद कलम ३२ च्या सहाव्या पोटकलमात होती, त्यामुळे परीक्षा विभागातले जुने कर्मचारी आजही ‘उद्या बत्तीस-सहा आहे’ असेच कळवतात. बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर चौकशी म्हटली की न्यायालयासारखे काहीतरी येते. प्रत्यक्षात एका दिवशी पन्नास-साठ विद्यार्थी बोलावलेले असतात, ते व्हरांड्यात हॉल तिकीट हातात धरून उभे असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन ते चार मिनिटे येतात. त्या तीन मिनिटांवर कोणाचे एक सत्र जाते, तर कोणाचे वर्ष.

ही तीन मिनिटे पुरतात असे आम्ही मानतो, याचे कारण फाईल. कॉपीच्या प्रत्येक प्रकरणात ज्येष्ठ पर्यवेक्षकाचा अहवाल, पाकिटात बंद केलेले जप्त साहित्य, त्या क्षणापर्यंत लिहिलेली जप्त उत्तरपत्रिका, त्यानंतर दिलेली दुसरी उत्तरपत्रिका, विद्यार्थ्याचा लेखी जबाब आणि विषयतज्ज्ञाचा अभिप्राय असे सहा कागद असावे लागतात. पकडलेल्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढायचे नसते. त्याला नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू द्यायचा असतो. त्याने जबाब द्यायला किंवा सही करायला नकार दिला, तर तशी नोंद करून पुढे जायचे असते. हे दोन्ही नियम केंद्रांना पाठवलेल्या सूचनांत स्पष्ट छापलेले असतात आणि ज्याच्यासाठी ते केलेले आहेत त्या विद्यार्थ्याला ते कोणीही सांगत नाही.

जप्त साहित्य वाचण्यात मात्र मी आता बऱ्यापैकी तयार झालो आहे आणि त्याचा थोडा अभिमानही मला आहे. झेरॉक्सच्या दुकानात गाईडची पाने बारीक करून विकत मिळणारी ‘मायक्रो’ एका नजरेत ओळखू येते: तिच्या कडा ब्लेडने कापलेल्या असतात आणि अक्षरे इतकी लहान असतात की घाबरलेल्या मुलाला ती वाचता येणेच शक्य नसते. घरी लिहून आणलेली चिठ्ठी पंख्यासारख्या घड्यांची असते. पट्टीवर पेन्सिलने लिहिलेले तिरके धरल्यावरच दिसते. चिठ्ठी वापरली गेली की नाही हे तिच्या घड्यांवरून सांगता येत नाही, ते उत्तरपत्रिकेवरून सांगता येते. म्हणून चिठ्ठी आणि उत्तर शेजारी शेजारी ठेवून मुद्द्यांचा क्रम, उदाहरणे आणि विशेषतः चुका जुळतात का ते पाहावे लागते. शिक्षेच्या तक्त्यात नुसते साहित्य जवळ बाळगणे आणि त्यातून प्रत्यक्ष उतरवणे हे दोन वेगळे अपराध आहेत. पहिल्याला त्या सत्राची सर्व विषयांची संपादणूक, म्हणजे मिळवलेले गुण, रद्द होते, दुसऱ्याला त्याशिवाय पुढच्या परीक्षेलाही बसता येत नाही. हा फरक ठरवण्यासाठी विषयतज्ज्ञाचा अभिप्राय असतो. बहुतेक तज्ज्ञ ‘साहित्य विषयाशी संबंधित आहे’ एवढे एक वाक्य लिहून मानधनाच्या पावतीवर सही करतात. कोणत्या प्रश्नात किती उतरवले, हा रकाना कोराच येतो.

त्या दिवशीची आमची रचना नेहमीपेक्षा वेगळी होती आणि त्याचे श्रेय आमच्या कक्ष अधिकाऱ्यांना आहे. एरवी फायली अभ्यासक्रमानुसार लावतात: आधी वाणिज्य, मग कला, मग विज्ञान, आणि प्रत्येकात बैठक क्रमांकाप्रमाणे. एका केंद्राची प्रकरणे त्यामुळे दिवसभर विखुरली जातात. त्या दिवशी टोकाच्या तालुक्यातल्या एका केंद्राचे सात विद्यार्थी आले होते आणि त्यांच्या परतीची शेवटची सोयीची एसटी तीनला होती. साहेबांनी माणुसकीने त्या सात फायली एकत्र करून मधल्या वेळेत लावल्या. त्यांनी तसे केले नसते, तर मला जे दिसले ते दिसले नसते.

तिसरी फाईल कला शाखेच्या तृतीय वर्षातल्या एका मुलीची होती. विषय अर्थशास्त्र. पर्यवेक्षकाच्या अहवालात ‘विद्यार्थिनीकडे हस्तलिखित साहित्य आढळले’ एवढेच होते. कुठे आढळले, कोणाच्या समक्ष आढळले, याचा उल्लेख नव्हता. जबाबात तिने सर्व काही मान्य केलेले होते. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य आहेत, अत्यंत सौम्य बोलतात आणि अत्यंत वेगाने निकाल लावतात. त्यांनी जबाब तिच्यापुढे धरून ‘ही सही तुझीच ना, बाळ?’ असे विचारले. ती ‘हो’ म्हणाली. छापील नमुन्यातल्या ‘विद्यार्थ्यास आरोप मान्य आहे’ या ओळीसमोर खूण झाली आणि कागद सहीसाठी माझ्याकडे सरकला.

तेव्हा ती म्हणाली, “सर, मला एकदा ती चिठ्ठी दाखवता का? मी अजून पाहिलेलीच नाही.”

आरोप कशाबद्दल आहे, ती वस्तू आरोप झालेल्या व्यक्तीने पाहिलेली नाही, हे ऐकून मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. आमच्या नोटिशीत नियमाचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते. अहवालाची प्रत नसते, साहित्याची प्रत नसते. ती नोटीस महाविद्यालयाच्या पत्त्यावर जाते आणि तिथले भाऊसाहेब सवड मिळेल तेव्हा तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. या मुलीला तो आदल्या संध्याकाळी सहा वाजता मिळाला होता. तीन वर्षे मी हाच नमुना पाहत आलो आणि त्यात काही उणे आहे असे मला कधी वाटले नव्हते, हे मला इथे लिहून ठेवले पाहिजे.

पाकीट उघडले. वहीच्या अर्ध्या पानावर निळ्या शाईत रिझर्व्ह बँकेची पतनियंत्रणाची साधने लिहिलेली होती. मुलीने ती वाचली आणि सांगितले, “हे माझं नाही. सर बाकाखालून उचलून घेऊन आले. मी सांगते ते खरं आहे.” सकाळच्या सत्रात त्याच वर्गात दुसऱ्या वर्षाचा पेपर झाला होता, हेही तिने सांगितले.

‘सांगते’ हा शब्द कानावर पडला आणि माझी नजर पुन्हा जबाबाकडे गेली. तिथे तिच्या अक्षरात लिहिलेले होते: ‘मी खाली सही करणार लिहून देतो की’.

आमच्यातले अभियांत्रिकीचे सदस्य हुशार आहेत, फक्त कोणतेही प्रकरण त्यांना पहिल्या मिनिटालाच स्पष्ट झालेले असते. ते म्हणाले, “कोल्हापूरकडच्या मुली ‘मी जातो, मी येतो’ म्हणतातच की.” हे खरेच आहे. पण ही मुलगी कोल्हापूरकडची नव्हती आणि समोर उभी राहून ‘सांगते’ म्हणत होती. मी तिला दोन मिनिटे बाहेर बसायला सांगितले आणि त्या केंद्राच्या उरलेल्या सहाही फायलींतले जबाब काढून टेबलावर एका ओळीत मांडले.

सातही जबाब शब्दशः सारखे होते. ‘मी खाली सही करणार लिहून देतो की, आज रोजी परीक्षा देत असताना कर्तव्यदक्ष पर्यवेक्षकांनी तपासणी केली असता सदर साहित्य माज्याकडे आढळुन आले. सदर चूक मला मान्य असून माझी काही एक तक्रार नाही.’ सातपैकी तीन मुली होत्या आणि तिघींनीही ‘देतो’ लिहिले होते. ‘माझी’ मधला झ सर्वांनी बरोबर काढला होता आणि ‘माज्याकडे’ मधला ज सर्वांनी चुकीचा. ‘आढळुन’ सातही ठिकाणी ऱ्हस्व. प्रकरणे चार वेगवेगळ्या दिवसांची, तीन वेगवेगळ्या शाखांची आणि दोन वेगवेगळ्या पर्यवेक्षकांनी पकडलेली. शिवाय आपल्याला पकडणाऱ्या माणसाला कोणता विद्यार्थी आपण होऊन ‘कर्तव्यदक्ष’ म्हणेल?

यातली गंमत, तिला गंमत म्हणायचे असेल तर, समितीच्या कामाच्या मुळाशी जाते. शेजारच्याचे पाहून लिहिल्याचे प्रकरण आले की आमचा सर्व भर सारख्या चुकांवर असतो, कारण बरोबर उत्तर दोघांचे सारखे येऊ शकते, चूक सारखी येणे अवघड असते. या युक्तिवादाला साठच्या दशकापासून सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. उत्तर प्रदेश बोर्डाच्या एका प्रकरणात लागोपाठ बैठक क्रमांकाच्या दोन परीक्षार्थींच्या चुका हुबेहूब जुळत होत्या. उच्च न्यायालयाने बोर्डाचा निर्णय रद्द केला होता, पण सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी तो पुन्हा कायम केला आणि अशा समित्यांच्या निष्कर्षांत न्यायालयांनी सहजासहजी हात घालू नये असे सांगितले. साताऱ्यात जन्मलेल्या या न्यायमूर्तींचा तो निकाल आमचे अध्यक्ष अगदी जिव्हाळ्याने उद्धृत करतात. मी त्यांना एवढेच म्हणालो की, सर, याच कसोटीवर हे सातही जबाब कॉपी केलेले आहेत आणि मूळ प्रत विद्यार्थ्यांची नाही.

त्यानंतर आमच्यात जे बोलणे झाले ते चांगले झाले, हे मान्य केले पाहिजे. अभियांत्रिकीच्या सरांचे म्हणणे असे की जबाब लिहवून घेतला असेल, पण वस्तू तर सापडली आहे. जिच्याकडे बचावच नाही तिला ऐकून काय साधणार? विधी महाविद्यालयाच्या मॅडम एरवी कमी बोलतात. त्यांनी आधी घनश्यामदास गुप्ता प्रकरणातला १९६२ चा निकाल सांगितला. उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थ्यांचा १९५४ च्या इंटरमीजिएट परीक्षेचा लागलेला निकाल बोर्डाने त्यांना काहीही न विचारता रद्द केला होता आणि पुढच्या वर्षीही त्यांना परीक्षेला बसायला बंदी केली होती. तेव्हा, नियमांत सुनावणीचा शब्दही नसला तरी शिक्षेचे परिणाम इतके गंभीर असतात की समितीने न्यायिक पद्धतीनेच वागले पाहिजे, असे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. मग त्यांनी १९७० चा दुसरा निकाल सांगितला, आणि सरांच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर त्यात होते. त्यात कॉपीचा आरोपही नव्हता. एका विद्यार्थिनीची हजेरी कमी भरली म्हणून तिची दिलेली परीक्षा बोर्डाने रद्द केली होती. वस्तुस्थितीबद्दल वादच नसल्यामुळे नोटीस देऊन उपयोग झाला नसता, असा बोर्डाचा पवित्रा होता. न्यायालयाने तो मानला नाही. नोटीस द्यायची की नाही हे समोरच्याकडे काही बचाव आहे असे अधिकाऱ्याला वाटते की नाही यावर अवलंबून नसते, ते हुकूम कोणत्या स्वरूपाचा आहे यावर अवलंबून असते, असा त्याचा आशय.

दुसरी बाजूही दुबळी नव्हती. अध्यक्षांनी आपल्याच राज्य मंडळाच्या १९९१ च्या निकालाची आठवण दिली. मार्च १९९० च्या दहावीच्या परीक्षेत नियामकांच्या (परीक्षकांचे काम पुन्हा तपासणाऱ्या मॉडरेटरांच्या) गुणपत्रकांत खाडाखोड करून २८३ विद्यार्थ्यांचे गुण वाढवले गेले होते. आपण काहीच केले नाही असे विद्यार्थी सांगत होते, पण लाभ त्यांचाच झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाचा निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो परत कायम केला. तिथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचा तोल कोणत्या बाजूला झुकतो एवढे पाहायचे असते. सामूहिक कॉपी असेल तर एकेकाला ऐकण्याचीही गरज नसते, हे बिहारच्या १९७० च्या निकालात आहे. मी हे सर्व मान्य करतो. वकील, साक्षी, उलटतपासणी असा थाट परीक्षेच्या प्रकरणात आणला तर एकही निकाल वेळेवर लागणार नाही. पण शक्यतेचा तोल पाहायचा तर पारड्यात काहीतरी टाकावे लागते, आणि आमच्या पारड्यात त्या क्षणी पर्यवेक्षकाने स्वतःच सांगितलेल्या मजकुराशिवाय काही नव्हते.

म्हणून मी दोन्ही उत्तरपत्रिका मागवल्या. पतनियंत्रणाचा प्रश्न पेपरात होता आणि मुलीने तो जप्तीच्या आधीच सोडवला होता. चिठ्ठीत सहा साधने होती. तिच्या उत्तरात चार होती आणि त्यातले ‘नैतिक समजावणी’ हे साधन चिठ्ठीत नव्हतेच. क्रम वेगळा, व्याख्या वेगळ्या. तिने उतरवलेले नव्हते याबद्दल मला शंका उरली नाही. तज्ज्ञाने हे पाच मिनिटांत लिहायला हवे होते.

अक्षराचे मात्र तसे झाले नाही. चिठ्ठीत ‘रोख राखीव प्रमाण’ हे शब्द होते आणि त्यातल्या दोन्ही ख मध्ये ‘र’ चे शेपूट ‘व’ ला खाली जोडलेले होते. तिच्या उत्तरपत्रिकेतही ख तसाच होता. ‘ख’ आणि ‘रव’ यांची गल्लत होऊ नये म्हणून अनेक शाळांत मुलांना असाच जोडलेला ख शिकवतात. माझाही तसाच आहे. तरीही मला तो ख दिसला आणि मी तो टेबलावर कोणाला दाखवला नाही. मी हस्ताक्षरतज्ज्ञ नाही, हे माझे स्वतःला दिलेले कारण होते. ते पुरेसे होते का, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

सातही प्रकरणे त्या दिवशी राखून ठेवली आणि दोन्ही पर्यवेक्षकांना पुढच्या बैठकीला बोलावले. त्यांपैकी एकच आले. तासिका तत्त्वावर काम करणारे तरुण शिक्षक, आणि प्रामाणिक. त्यांनी सांगितले की जबाबाचा नमुना केंद्राच्या पॅडला आतून चिकटवलेला आहे, पुठ्ठ्यावर लॅमिनेशन करून. विद्यार्थ्याने त्यावरून उतरवून सही करायची. लिहिले नाहीस तर पुढचे पेपर देता येणार नाहीत, असे सांगायची पद्धत आहे. तसे सांगा असे त्यांनाही सांगितलेले होते. चिठ्ठी बाकाखालीच सापडली होती. “पण सर, बाकावर तीच होती,” असेही ते म्हणाले, आणि त्यात खोटे काही नव्हते. त्या दिवशी भरारी पथक येणार असल्याचे सकाळीच कळले होते आणि एकही प्रकरण न दिसणारे केंद्र पथकाला संशयास्पद वाटते, हे त्यांनी न विचारता सांगितले. केंद्राचा हा हिशेब आम्हीच त्यांना शिकवलेला आहे: ज्या केंद्रावर कॉपी सापडत नाही त्याला आम्ही खुलासा विचारतो, आणि ज्याच्यावर सापडते त्याने ती कशी पकडली हे विचारत नाही.

उरलेल्या सहा विद्यार्थ्यांना या वेळी अहवालाची व साहित्याची प्रत आठ दिवस आधी पाठवून बोलावले. त्यातल्या चौघांनी, चिठ्ठी समोर ठेवताच आणि कोणताही नमुना नसताना, ती आपलीच असल्याचे आपल्या शब्दांत सांगितले. एकाने ती कोणत्या दुकानातून घेतली तेही सांगितले. त्यांना तक्त्याप्रमाणे शिक्षा झाली आणि त्या हुकमांवर सही करताना मला कसलाही त्रास झाला नाही. दोघांच्या बाबतीत साहित्यच विषयाबाहेरचे निघाले. मुलीच्या प्रकरणात आमचे मत तीन विरुद्ध दोन असे पडले. ‘साहित्य तिच्या ताब्यात असल्याचे सिद्ध होत नाही’ असा एक परिच्छेदाचा सकारण हुकूम मी लिहिला, कारण छापील नमुन्यात असा निष्कर्ष लिहायला जागाच नव्हती. अभियांत्रिकीच्या सरांनी विरोधी मत नोंदवले, आणि ते वाईट लिहिलेले नाही. तिचा राखून ठेवलेला निकाल उन्हाळी परीक्षेच्या दोन दिवस आधी लागला. पदव्युत्तर प्रवेशासाठी तयारी करायचे सर्व महिने तिने आपण पास आहोत की नाही हे न कळता काढले. त्याची नोंद कोणत्याही हुकमात होत नाही.

मध्यंतरी मी कक्ष अधिकाऱ्यांकडे त्याच केंद्राच्या मागच्या दोन वर्षांच्या फायली मागितल्या. अभ्यासक्रमानुसार लावलेल्या ढिगांत मी स्वतः त्या केंद्राचे किती जबाब एकेक करून वाचले आणि ‘आरोप मान्य’ यावर सही केली, हे मला मोजायचे होते. साहेबांनी रजिस्टर पाहून सांगितले की मुदत संपल्यामुळे त्या रीतसर नष्ट केल्या आहेत. निर्लेखनाच्या प्रस्तावावर समितीतर्फे सही माझीच होती.

नोटिशीचा नमुना बदलावा असे टिपण मी मंडळाला दिले आहे. ते विचाराधीन आहे.

उन्हाळी सत्राची सुनावणी गेल्या आठवड्यात झाली. या वेळी मी त्या केंद्राच्या फायली मुद्दाम वेगळ्या काढायला सांगितल्या होत्या. पाच जबाब होते आणि पाचही शब्दशः सारखे. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द गाळलेला होता. ‘देतो’ च्या जागी ‘देतो/देते’ आले होते आणि पाचपैकी चौघांनी ते तिरक्या रेघेसकट उतरवले होते. ‘माझ्याकडे’ मात्र सर्वांनी अचूक लिहिले होते.